सयाजी बसत नाही

तळोज्याच्या गोडाऊनला ट्रक लागला, अर्धा खाली झाला, की टोळीतली माणसं थप्पीच्या सावलीला टेकत. सयाजी टेकत नसे. पाठीवरची गोणी टाकली की तो फळीच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा. पाणी उभ्यानं प्यायचा. डबासुद्धा उभ्यानंच, डाव्या तळहातावर भाकरी आणि भाकरीवरच कालवण घेऊन. टोळीत त्याची चेष्टा ठरलेली.

“सयाजीला देव बूड द्यायचं इसरला.”

“दिलंय रं, पर वहिनीनं घरी काढून ठेवलंय. सणासुदीला वापरायला.”

सगळे हसत. सयाजीही हसायचा आणि चालत राहायचा. एप्रिलचा उन्हाळा. पत्र्याखाली सोड्याच्या गोण्यांची पांढरी भुकटी घामात कालवून मानेवर चरचरायची. शेजारच्या कंपनीनं वास सोडला की डोळ्यांतून पाणी यायचं. तरी तो चालायचा. जड काम करून बसलं की काय होतं, ते त्याच्या मांड्यांना माहीत होतं.

आधी मांड्या जड होतात, मग कंबर, मग हात. दुखत काही नाही. हेच वाईट. दुखलं असतं तर कुणी विश्वास तरी ठेवला असता.

त्या दिवशी मुकादम इंद्रजित पलीकडच्या शेडमधून आला. तिथं मालकानं गोण्या वाहायचा पट्टा बसवला होता. बटण दाबलं की गोण्या आपोआप सरकत ट्रकात जायच्या.

“बघून घ्या,” इंद्रजित म्हणाला. “त्यो पट्टा तंबाखू मळत न्हाई आन् पावण्याच्या मयताला जात न्हाई. पावसाच्या आत टोळी निम्मी करायचीय मालकाला. जो खाडा करंल त्याचं नाव मी पयलं देनार. मला शिव्या घालू नका.”

मग तो सयाजीजवळ आला. “तुज्या पोरीचा साखरपुडा, म्हनून उद्याचा खाडा मी गिळला. परवा मात्र मला तू हितं दिसला पायजेस. मागल्या वर्सावानी ‘पाय उचलंनात’ नको.”

“येतो की.”

“पाय उचलंनात! बायका सांगत्यात असलं, लेका.”

सयाजीनं आकडा गोणीत रुतवला, पाठ वाकवली आणि फळी चढला.

*

नावड्याच्या कॉलनीत तो चौथ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट बिल्डरनं कागदावर दिली होती. संध्याकाळी घरी आला तरी सयाजी लगेच वर जात नसे. इमारतीला वेढे घालायचा. हळूहळू, देवाला घातल्यासारखे. मांड्यांतला जडपणा असा चालून चालून उतरवावा लागतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी शिकवायचं ते हसले होते.

नाक्यावरच्या डॉक्टरनं विचारलं होतं, “रात्री किती घेतली होती?”

“मी घेत नाही, साहेब.”

“सगळे असंच सांगतात.”

पनवेलच्या मोठ्या डॉक्टरनं मणक्याचे फोटो काढायला लावले, उजेडाला धरले आणि म्हणाला, “मणका माझ्यापेक्षा चांगला आहे तुझा. तुला काम नकोय, आराम पाहिजे. सरळ सांग ना.” मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहून नंबर येईपर्यंत पाय परत चालू झाले. तिथला डॉक्टर मान वर न करता म्हणाला, “चालत आलास ना आत? मग?” आणखी एकानं डोक्याच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन सयाजी महिनाभर बैलासारखी लाळ गाळत झोपला.

या लोकांना माणूस आजारी आहे हे कळायला तो त्यांच्या टेबलावर मरावा लागतो. आणि मेला की म्हणतात, उशीर केला.

एक पोरसवदा डॉक्टरीणबाई मात्र निराळी भेटली होती. तिनं खुर्ची पुढं ओढली. नीट विचारलं. कधी होतं? काम केल्यावर होतं की बसल्यावर? आदल्या रात्री काय खाल्लं होतं? मग म्हणाली, “घरात अजून कुणाला असं होतं का? वडील, भाऊ?”

सयाजीनं तोंड उघडलं. शेजारी त्याची आई, वेणूबाई बसली होती. तिनं पदराखालून त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पाणीच आलं डोळ्यांत.

“कुनाला न्हाई, बाई,” वेणूबाई म्हणाली. “आमच्या घरात सगळी धडधाकट.”

“नक्की?”

“नक्की,” सयाजी म्हणाला.

बाईंनी मान हलवली. “पुढच्या वेळी झालं की झालेलं असतानाच आणा. लगेच रक्त घेऊ.” पुढच्या वेळी उचलून नेला, तर त्या बाईंची बदली झालेली.

वेणूबाईनं चिमटा का काढला, हे सयाजीला माहीत होतं. थोरला भाऊ ज्योतिबा. पाटणच्या डोंगरात, चुलतबहिणीच्या हळदीला त्यानं दिवसभर मांडवाच्या मेढी रोवल्या, रात्री बुंदी-भात ओरपला आणि सकाळी त्याला उठता येईना. बैलगाडीतून तालुक्याला नेला. तिथं बाटली लावली. लावताना ज्योतिबा बोलत होता, ‘सया, पाय दाब’ म्हणत होता. बाटली निम्मी झाली आणि आवाज गेला. मग मान गेली. मग श्वास. सयाजी पायथ्याला उभा होता.

“बाटली उशिरा लागली,” असं सगळं गाव म्हणालं. आणि वेणूबाईनं तेराव्यालाच बजावलं, “गावाभायेर पान लागलं म्हनायचं. साप चावलेला माणूस कुनाच्या बी घरात मरतो. असलं काय घरात हाय म्हनून कळलं, तर धाकट्याला पोरगी कोन दील?”

सयाजीला पोरगी दिली. त्याच्या बायकोला, पुतळाला, सांगितलं, थोरल्या दिराला पान लागलं. ती वीस-बावीस वर्षं तेच धरून बसली होती. आणि घरात शिकवण काय राहिली? तर, उठता येईना झालं की गूळपाणी पाजा आणि बाटली लवकर लावा.

नाक्यावरच्या दवाखान्यात सयाजीला एकदा बाटली लावली होती. आधी फक्त पाय गेलेले. निम्म्या बाटलीला हातही गेले. तो कसाबसा म्हणाला, “डॉक्टर, हिनं वाढतंय.” डॉक्टर हसला. कंपाउंडरला डोळा मारून म्हणाला, “अरे, साखरेचं पाणी आहे ते. ग्लुकोज. साखरेनं ताकद येते, जात नाही.”

सयाजीलाही मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. शिकलेला माणूस हसला की अडाण्याला आपल्या अंगावरसुद्धा भरवसा राहत नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या वेढ्यांत तेजश्री येऊन सामील झाली. त्याची एकुलती पोरगी. ऐरोलीला कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची. तिथंच रणजीत भेटला. पोरगा कऱ्हाडकडचा, जात जुळली, घरं जुळली. दोघांनीच ठरवलं आणि मोठ्यांनी आपण ठरवल्यासारखं केलं.

“पप्पा, एक सांगू? आईला नका सांगू.”

“बोल.”

“मागच्या महिन्यात ऑफिसच्या स्पोर्ट्स डेला धावले ना, नंतर पार्टी होती, केक-बिक खाल्ला. सकाळी पायच हलेना झाले माझे. तासाभरानं सुटले. परवा पुन्हा झालं. ऑफिसच्या डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणे, अँझायटी. लग्न ठरलं की मुलींना होतं म्हणे.” ती हसायला गेली, हसू जमलं नाही. “तुमच्यासारखं तर नसेल ना?”

सयाजीचे पाय थांबले. मग त्यानं ते ढकलले, पुढं टाकले.

“काय नसतं तसलं. उपाशी राहत असशील. टेन्शन घेतेस तू.”

शब्द बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आले. पनवेलचा डॉक्टर, नाक्यावरचा डॉक्टर, सगळे त्याच्याच तोंडातून बोलले होते.

पोरगी “हां, तसंच असेल,” म्हणाली. कंपन्यांच्या दिशेनं सडक्या अंड्याचा वास आला. दोघांनी नाकाला हात लावले आणि वेढा पुरा केला.

रात्रीची भांडी विसळताना वेणूबाई हळूच म्हणाली, “काय बोलत हुती पोरगी खाली?”

“तिला बी होतंय, आई.”

म्हातारीचे हात पाण्यात तसेच राहिले. मग तिनं तांब्या उपडा घातला. “लगीन हुस्तवर गप ऱ्हा. एकदा सासरी गेली की ती आन् तिचा नवरा.”

“मरंल पोरगी.”

“तू मेलास का?”

*

साखरपुडा कॉलनीतल्या हॉलमध्ये झाला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. टँकर आला तेव्हा तेजश्रीनं मेंदी लागलेल्या हातांनी बादल्या चौथ्या मजल्यावर चढवल्या. पुतळा ओरडत होती, “अगं नवरी हायस तू! ठेव ती.” पण पाहुणे येणार, सयाजी खुर्च्या उतरवायला गेलेला, म्हातारीची कंबर धरलेली. मग कोण आणणार?

हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. ओटी भरली, अंगठ्या झाल्या. रणजीतच्या आईनं, बायजाबाईनं, साखरेचा पुडा फोडून पहिली चिमूट तेजश्रीच्या तोंडात घातली. मग पेढा. मग मावशीचा पेढा, आत्याचा पेढा, काकीची बर्फी. फोटोवाला म्हणायचा, “अजून एकदा, ताई, जरा तोंड उघडा.” ती तोंड उघडायची.

सयाजी लांबून बघत होता. तिचा प्रत्येक घास मोजत होता. त्याच्या स्वतःच्या तोंडात दिलेला पेढा त्यानं रुमालात काढला. पोरीला रुमाल नव्हता.

“अहो व्याही, बसा की!” बायजाबाई म्हणाली. “सकाळधरनं बघती, उभेच. आमच्यासंगं पंगतीला बसायला लाज वाटती का काय?”

“वाढायचं हाय, विहीणबाई.”

“वाढतील पोरं. का मुलगी दिल्याचा पस्तावा झाला?”

सगळे हसले. मागं वेणूबाईचे डोळे त्याच्यावर रोखलेले. सयाजी बसला. मसालेभात आला, जिलबी आली. बायजाबाईनं आग्रहानं आणखी दोन जिलब्या त्याच्या पानात टाकल्या. वाढलेलं पानात टाकायचं, असं व्याह्यांच्या डोळ्यांदेखत कोण करील? त्यानं खाल्लं. मग रात्री कॉलनीला इतके वेढे घातले की वॉचमननं विचारलं, “काका, कुछ खो गया क्या?”

त्याआधी, निघताना रणजीत जवळ आला होता. बरा पोरगा. पाया पडला. “मामा, मघापासून बघतोय, तुम्हाला काही बोलायचंय का?”

सयाजीनं त्याच्याकडं पाहिलं. आता बोललं तर आता. पोरगी हॉलच्या खांबाला टेकून हसत उभी होती, नवी अंगठी मैत्रिणींना दाखवत.

“उन्हाचं नीट जावा,” सयाजी म्हणाला.

*

सकाळी तेजश्रीनं हाक मारली ती बारीक आवाजात. “आई. मला उठव.”

पुतळानं तिचा हात ओढला. तो पाण्यातनं काढलेल्या फडक्यासारखा आला आणि सोडल्यावर तसाच पडला. पाय उचलून बघितले. मेंदी रंगलेली, पैंजण घातलेले, आणि जीव नाही.

“गूळपाणी आना!” पुतळा ओरडली. वेणूबाई आधीच पातेलं घेऊन उभी होती.

“नको,” सयाजी म्हणाला.

“का नको? काय बी का बोलताय?”

तो बोलला असता. पण त्याच्याही मांड्या सकाळपासून भरून आल्या होत्या आणि जीभ लाकडाची झाली होती. त्यानं पातेल्याला धक्का मारला. गूळपाणी फरशीवर सांडलं. पुतळा त्याच्याकडं बघतच राहिली.

त्यानं पोरीला पाठकुळी घेतलं. पन्नास किलोची गोणी पाठीला चिकटते. पोरगी चिकटत नव्हती, ओघळत होती. पुतळानं ओढणीनं तिला त्याच्या पाठीशी बांधलं. चार मजले तो उतरला. आयुष्यभर ओझी उतरवली, पण ओझ्याचा श्वास मानेवर कधी लागला नव्हता.

“पप्पा, सॉरी,” ती कानात म्हणाली. “आज तुमची ड्युटी ना?”

*

दवाखाना खासगी होता, रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यानं नेला तो. थंडगार काच, बाहेर चपला. रणजीत फोन केल्याबरोबर बाईक मारत आला होता.

डॉक्टर तरणाताठा, हातात दोन फोन. त्यानं तेजश्रीचा हात उचलून तिच्या तोंडावर सोडला. हात नाकावर आदळला. मग त्यानं तिच्या दंडाची कातडी बोटांत धरून पिळली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

“दुखतंय ना?”

“हो.”

“मग झालं. लकवा असता तर दुखलं नसतं. बीपी नॉर्मल, पल्स नॉर्मल.” तो पुतळाकडं वळला. “काल काही कार्यक्रम होता?”

“साखरपुडा, साहेब.”

“लग्न मनाविरुद्ध आहे का?”

“मीच ठरवलंय, सर,” तेजश्री म्हणाली.

“तेच तर,” डॉक्टर म्हणाला, आणि कशाचा ‘तेच तर’ ते कुणाला कळलं नाही. “घरात कुणाला फिट, लकवा, असलं काही?”

पुतळा म्हणाली, “ह्यांचे पाय कधीमधी…”

“मणक्याची शीर हाय त्याची,” वेणूबाई मधेच म्हणाली. “घरात कुनाला काय न्हाई.”

डॉक्टरनं सयाजीकडं पाहिलं. शेजारी रणजीत होता. सयाजीनं खाली बघितलं.

“सिस्टर, एक डेक्स्ट्रोज लावा. हिस्टेरिया आहे. दोन-तीन तासांत उठून जाईल.”

“साहेब,” सयाजीला वाचा फुटली, “ते साखरेचं नका लावू. त्यानं…”

“तुम्ही बाहेर थांबा. गर्दी नको.”

बाहेर सयाजी येरझाऱ्या घालू लागला. काचेच्या दारापासून पाण्याच्या मशीनपर्यंत, परत दारापर्यंत. पाय शिशाचे झाले होते. चाललं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. सिक्युरिटीवाला आला.

“काका, फेऱ्या नका मारू. लोकांना त्रास होतो. बसून घ्या.”

“मी बसत नाही.”

“का? मूळव्याध आहे का?”

बाकावरची माणसं हसली. सिक्युरिटीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. फार जोर लावला नाही. गरिबाला बसवायला जोर लागत नाही. सयाजी बसला.

पुतळानं कपभर चहा आणून दिला. “सकाळपासनं पोटात काय न्हाई तुमच्या.” बिस्किटाचा पुडा फोडला. तो बिस्किटं बुडवून खात राहिला. नजर पडद्यावर. पडद्यामागं बाटलीचा स्टँड दिसत होता.

खिशात फोन वाजला. इंद्रजित. वाजून बंद झाला. परत वाजला.

मग पडद्यामागून तेजश्रीचा आवाज आला. “आई, हात पण गेले.” थोड्या वेळानं, आणखी बारीक, “आई, मान…”

ज्योतिबा असाच गेला होता. पाय, हात, आवाज, मान. बाटली निम्मी.

सयाजी उठला. कसा उठला त्याचं त्याला माहीत. पडदा ओढला तो कड्यांसकट हातात आला.

“काढा ती बाटली!”

“ए, काय चाललंय?” डॉक्टर चहाचा कप घेऊन आला.

“बाटलीनं वाढतंय! माजा भाऊ असाच गेला. त्याला पान लागलं न्हवतं. खोटं सांगितलं आमी. जेवून झोपला, सकाळी हलंना, तालुक्याला बाटली लावली आन् निम्म्या बाटलीला मेला. मला बी ह्येच होतंय. हिला माज्याकडनं आलंय. घरात हाय ह्ये, साहेब! रक्तात हाय!”

“सयाजी, गप!” वेणूबाई किंचाळली.

पुतळा नवऱ्याकडं बघत उभी होती. वीस-बावीस वर्षं तिनं त्याला दमला म्हणून शिरा करून घातला होता. दमला म्हणून चहात साखर जास्त टाकली होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाला, “मघाशी विचारलं तेव्हा घरात कुणाला काही नाही म्हणालात. आता भाऊ मेला म्हणता. मी नक्की कुठलं खोटं धरू?”

सयाजीनं उत्तर द्यायला एक पाऊल पुढं टाकलं, आणि पाऊल पडलंच नाही. गुडघे दुमडले. थप्पी कोसळावी तसा तो खाली आला. डोकं खाटेच्या पायाला लागलं.

“बघा,” डॉक्टर सिस्टरला म्हणाला. “लेकीला अटेन्शन मिळालं, आता बापाला पाहिजे. घ्या शेजारच्या बेडवर. यालाही लावा.”

वॉर्डबॉयनी त्याला उचलून टाकला. सयाजीनं ‘नको’ म्हटलं, पण ओठच हलले. हातात सुई गेली. खिशात फोन थरथरत होता आणि त्याला बंद करायला बोट नव्हतं.

रणजीत भिंतीला टेकून उभा होता. त्याचाही फोन वाजला. “हां आई,” तो म्हणाला, मग आवाज खाली गेला. “…रक्तात आहे म्हणतायत.” तो बोलत बोलत काचेच्या दारातून बाहेर गेला. चपला घातल्या. बाईक सुरू झाल्याचा आवाज आला. तेजश्रीची मान वळत नव्हती, पण कान चालू होते.

पुतळानं तो आवाज ऐकला आणि सोडून दिला. आत्ता तिला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक नळी उजवीकडं, एक डावीकडं. दोन्हींत थेंब पडत होते.

तिनं तेजश्रीच्या नळीवरचं चाक फिरवून बंद केलं. डॉक्टरनं येऊन परत सोडलं. “बाई, डॉक्टर तुम्ही का मी?”

मग तिनं चाकाचा नाद सोडला. दोन खाटांच्या मधे उभी राहिली, उजव्या मुठीत पोरीची नळी दुमडून धरली, डाव्या मुठीत नवऱ्याची. थेंब थांबले.

“सिक्युरिटी!”

सिक्युरिटीवाल्यानं तिचा दंड धरून ओढलं. ती हलली नाही. “वड,” ती म्हणाली. “हात मोडला तरच सुटंल. मोड. बघूया तुज्यात किती हाय.”

त्यानं डॉक्टरकडं पाहिलं. बाहेर बाकावरची माणसं उभी राहून बघायला लागली होती. एकानं मोबाईल वर धरला. डॉक्टर मोबाईलकडं बघून थांबला. “रिस्क तुमची,” म्हणाला. “नंतर माझ्याकडं रडत यायचं नाही.” आणि आपल्या केबिनमध्ये गेला. वेणूबाई कोपऱ्यात फरशीवर बसली होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

थोड्या वेळानं सिस्टर आली. चाळिशीची बाई, कपाळावर घाम. तिनं केबिनकडं एकदा पाहिलं. तेजश्रीच्या दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला, सुई घातली, काळंसर रक्त काढलं.

“पोटॅशियमला पाठवते. रक्तातलं ते उतरलं की अंग असं जातं, साखरेनं आणखी उतरतं,” ती ओठ न हलवता म्हणाली. “मागं एकदा असा पेशंट बघितला होता मी. नक्की सांगत नाही.”

“मग ह्ये बंद करा की, बाई.”

“मी बंद केलं तर माझी नोकरी जाईल.” सिस्टरनं नळ्यांकडं बघितलं नाही. “तुम्ही धरलंय ते मी बघितलेलं नाही. रिपोर्टला तास तरी लागेल. हात दुखतील.”

“दुखू देत.”

सिस्टर गेली. पुतळाच्या मुठी पांढऱ्या पडत चालल्या होत्या. डावीकडं सयाजी छताकडं बघत पडला होता, डोळे उघडे, गालावर ओघळ. उजवीकडं तेजश्री. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुतळानं वाकून कान लावायचा म्हटलं, तर डाव्या हातातली नळी ताणली जात होती, सुटत होती. ती परत सरळ झाली.

तेव्हापासून ती पोरीच्या छातीकडं बघत राहिली. कालची साखरपुड्याची साडी पोरीच्या अंगावर तशीच होती, पदराची जर श्वासाबरोबर वर यायची आणि खाली जायची. वर यायची. मग खाली. मग, मघापेक्षा जरा कमी, वर.